तुरटी काचेत, ब्रश वाऱ्यावर

सकाळी सहा. काल रात्री रंगवलेल्या डब्यांच्या तळाला, जिथे कुणाचं लक्ष जात नाही तिथे, अंगठा दाबून बघते. ठसा उमटला तर डबा परत फळीवर. ऑइल पेंट वरवर लवकर वाळतो, आतून मात्र ओलाच असतो, आणि पावसाळ्यात तर त्याची घाई करूच नये.

साडेसात. जॅमच्या, मधाच्या रिकाम्या बरण्या कोमट पाण्यात खाण्याचा सोडा घालून भिजवते. कागद सुटतो, पण त्याखालचा गोंद चिकटून राहतो. त्यावर खोबरेल तेल आणि सोडा कालवून लावायचा, चोळायचा, साबणाने धुऊन शेवटी स्पिरिटने पुसायचं. तेलाचा अंश राहिला तर काचेवरचा रंग पापुद्र्यासारखा निघतो.

दहा. बुधवार आहे, म्हणजे पुण्यातला जुना बाजार. तो बुधवारी आणि रविवारीच भरतो. पावडरचे जुने डबे, पितळी करंडे, कुणाच्या तरी दाढीचा पेला, आरसा उडालेली एखादी फणेरपेटी, सगळं जमिनीवर मांडलेलं असतं. जुने रंगीत डबे मी वापरासाठी घेत नाही. त्यांच्या रंगात शिसं असू शकतं आणि ते घासलं की भुकटी हवेत उडते. मी जाते ते डबे बघायला. खरा जुना डबा सगळीकडे सारखा झिजत नाही. झाकण उघडताना अंगठा लागतो तिथला रंग गेलेला असतो, फळीवरून ओढून तळाची कड पांढरी पडलेली असते, आणि मधलं चित्र बहुतेक शाबूत असतं. जुना दिसावा म्हणून डबा चहूबाजूंनी पॉलिश पेपरने घासणं मला मुळीच पटत नाही. त्याने डबा जुना दिसत नाही, आजारी दिसतो. मी फक्त हाताच्या वाटेवर घासते.

साडेबारा. पेठेतल्या एका केशकर्तनालयाचे मालक येतात. सध्याचं मोठं काम त्यांचंच.

“ताई, आजोबांची धोकटी कपाटात मांडलीय. तिच्याशेजारी ह्या प्लास्टिकच्या बाटल्या बघवत नाहीत.”

“दादा, दिसायला छान करते. पण रोज वापरणार ना?”

“म्हणजे काय! शोभेला नकोच आहेत.”

हे ऐकलं की काम सोपं होतं, कारण मग वस्तूच आपलं भांडं सांगते. तुरटी ओली झाली की पत्र्याला गंज चढवते, म्हणून ती काचेत किंवा चिनी मातीत. दाढीचा ब्रश बंद डब्यात कुबट होतो, त्याला उघडा पेला, केस खाली करून टांगता येईल अशी तारेची कडी. कापसाला रुंद तोंडाची बरणी. वापरलेल्या ब्लेडांसाठी पत्र्याचा डबा, वर ब्लेड जाईल एवढीच चीर आणि झाकण कायमचं बंद, म्हणजे भरल्यावर सगळा डबाच टाकायचा. पावडर कोरडी, म्हणून ती पत्र्यात चालते. दादांनी पावडरचा डबा हिरवा मागितलाय, पूर्वी दुकानाचा दरवाजा होता तसा.

दुपारी दोन. लेबलं. यात माझा जीव सगळ्यात जास्त रमतो. रविवर्म्यांनी १८९४ मध्ये मुंबईत शिळाछपाईचा छापखाना काढला. पुढे तो लोणावळ्याजवळ मळवलीला गेला. त्या पद्धतीत प्रत्येक रंगाचा दगड वेगळा, त्यामुळे रंग एकमेकांवर केसभर सरकायचे. जुन्या लेबलावर लाल रंग रेषेबाहेर डोकावतो तो त्यामुळे. संगणकावर लेबल करताना मी लाल थर मुद्दाम किंचित सरकवते. अक्षरं देवनागरीच, ठसठशीत: तुरटी, कापूस, पावडर. विलायती औषधांच्या दुकानातली वेलबुट्टी आपल्या न्हाव्याच्या फळीवर कशाला? छपाई लेझर प्रिंटरवर. इंकजेटची शाई ओलाव्याने पसरते. मग कोऱ्या चहाच्या पाण्याचा एक हात, दोरीवर वाळवण, आणि मागच्या बाजूने हलकी इस्त्री.

पाच. पातळ केलेला फेविकॉल, वरून पुन्हा त्याचाच एक हात. तो पूर्ण वाळल्यावरच वॉर्निश, नाहीतर कागदावर तेलकट डाग उठतात.

साडेसहा. रुखवतातल्या संचाचं थोडं काम. मुलीच्या आईला फणेरपेटी हवी आहे: झाकणाला आतून आरसा, खाली कप्पे. पूर्वी त्यांत फणी, कुंकू, मेण आणि काजळ असे. कपाळाला आधी मेण लावून त्यावर कुंकू. आताच्या मुलीसाठी मेणाचा कप्पा टिकल्यांच्या पाकिटांच्या मापाचा केला, फणीचा मात्र लांबट ठेवला, कारण केस तेवढेच लांब आहेत.

आठ. प्रत्येक डब्याच्या तळाला कोरी पट्टी चिकटवते. पावडर ओतताना मूळ डब्यावरची शेवटची तारीख आणि बॅच क्रमांक तिथे पेन्सिलने उतरवायचा. क्रीम मात्र मी कुणालाच दुसऱ्या बरणीत काढू देत नाही. भांडं बदललं की ते नासू शकतं. क्रीमसाठी बरणीऐवजी बाहेरचं कवच करून देते, मूळ डबी त्यात अलगद बसते. दादांचं कवच अजून थोडं घट्ट आहे. उद्या आतून घासायचं.