पोथी आणि फीत

मोर्शी तालुक्यातील रिद्धपूर हे गाव मराठी गद्याच्या इतिहासात कोणत्या मानाने उभे आहे, हे मराठीच्या शिक्षकास सांगावयास नको. गोविंदप्रभूंच्या या गावी तेराव्या शतकाच्या अखेरीस म्हाइंभटांनी चक्रधरस्वामींच्या आठवणी गोळा केल्या. ज्यांनी जे पाहिले-ऐकले ते त्यांच्याच तोंडून विचारून घेतले, पडताळले आणि वाजेश्वरीच्या परिसरात बसून 'लीळाचरित्र' सिद्ध केले. २०२४ साली याच गावी मराठी भाषा विद्यापीठाची स्थापना झाली आणि त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात मराठीला अभिजात भाषेचा दर्जाही मिळाला. हा योग आनंदाचा खराच. परंतु विद्यापीठ म्हटले की अभ्यासावयाचे काय हा प्रश्न येतो, आणि मराठीचा अभ्यास म्हणजे केवळ पोथ्या व पुस्तके असे समीकरण मनाशी बांधून बसलेल्यांना एक गोष्ट सुचवावीशी वाटते. गेल्या शतकात मराठी भाषा जितकी कागदावर लिहिली गेली, तितकीच ती फितीवरही उमटली आहे. जुना मराठी चित्रपट हाही या भाषेचा एक ग्रंथच आहे. आणि तो पोथीहून अधिक वेगाने नाहीसा होत आला आहे.

पोथी नाहीशी होते म्हणजे काय होते, हे रिद्धपूरला ठाऊक आहे. महानुभाव परंपरा सांगते की खल्जींच्या स्वारीच्या धामधुमीत 'लीळाचरित्रा'ची मूळ प्रत गेली. मग ज्यांना ते मुखोद्गत होते त्यांच्या स्मरणातून ते पुन्हा उभे करावे लागले. एकाचे स्मरण एक, दुसऱ्याचे दुसरे. म्हणून हिराइसा पाठ, पिढीपाठ असे निरनिराळे पाठ निर्माण झाले, आणि त्यांच्या पडताळणीत हरि नारायण नेने यांच्यापासून वि. भि. कोलते यांच्यापर्यंतच्या संशोधकांची आयुष्ये खर्ची पडली. कोलत्यांची संपादित आवृत्ती १९७८ साली निघाली. सातशे वर्षांपूर्वीच्या ग्रंथासाठी हे सारे झाले ते योग्यच झाले. प्रश्न इतकाच की, जेमतेम शंभर वर्षांपूर्वीच्या मराठी माणसाच्या निर्मितीसाठी यातले काय झाले?

उदाहरण वऱ्हाडच्या जिव्हाळ्याचे आहे. १९२५ साली कोल्हापूरच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीतून बाबूराव पेंटर यांनी 'सावकारी पाश' हा मूकपट काढला. कथा नारायण हरि आपटे यांची. सावकाराच्या लबाडीने जमीन गमावलेला शेतकरी शहरात जाऊन गिरणीत मजूर होतो, एवढेच तिचे सूत्र. शेतकऱ्याची भूमिका तरुण व्ही. शांताराम यांनी केली होती. देव-दानवांच्या आणि राजेरजवाड्यांच्या चित्रपटांच्या त्या काळात कुणब्याचे कर्ज हा पडद्याचा विषय होऊ शकतो असे वाटणे हेच धाडस होते. कापसाच्या भावावर आणि कर्जाच्या हप्त्यावर जगणाऱ्या अमरावती-अकोल्याच्या माणसाला हा चित्रपट आज पाहावासा वाटला, तर तो कोठे पाहावा? कोठेच नाही. मूळ मूकपटाची फीत उरलेली नाही. उरली आहे ती पाहणाऱ्यांची आठवण. जे. बी. एच. वाडिया यांना त्यातले एक दृश्य आयुष्यभर स्मरत राहिले: अंधुक उजेडात दिसणारी एक उदास झोपडी आणि रडणारा कुत्रा. एका अख्ख्या कलाकृतीचा एवढाच 'पाठ' आपल्या हाती आहे. पेंटरांनी १९३६ साली हीच कथा पुन्हा बोलपटात आणली. पण दुसरी कृती म्हणजे पहिली नव्हे, हे पाठचिकित्सा शिकलेल्या विद्यार्थ्याला पटवून द्यावे लागू नये.

खुद्द पहिल्या चित्रपटाची कथा याहून फारशी वेगळी नाही. 'राजा हरिश्चंद्र'ची जी दोन रिळे आज उपलब्ध आहेत, ती १९१३ सालच्या मूळ चित्रपटाची की दादासाहेब फाळके यांनी १९१७ साली नव्याने काढलेल्या आवृत्तीची, यावर अभ्यासकांत मतभेद आहेत. तीही राहिली ती पी. के. नायर नावाच्या एका मल्याळी गृहस्थाच्या चिकाटीने. १९६४ साली पुण्यास राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय स्थापन झाले आणि नायरांनी देशभर हिंडून, कोणाच्या माळ्यावरचे, कोणाच्या गोदामातले डबे गोळा केले. नाशिकला फाळके यांच्या कुटुंबीयांकडून मिळालेले तुकडे जोडून त्यांनी 'कालिया मर्दन' (१९१९) उभा केला. म्हाइंभटांची आणि नायरांची तुलना कोणास धारिष्ट्याची वाटेल. पण दोघांचे काम जातीने एकच होते.

मूकपटांच्या काळात या देशात हजाराहून अधिक चित्रपट निघाले, त्यांतले मूठभर उरले. कारणे गूढ नाहीत. त्या काळची नायट्रेटची फीत अत्यंत ज्वालाग्राही. उष्ण व दमट हवेत ती चिकट होते आणि शेवटी तिची भुकटी होते. चित्रपटाची कमाई संपली की तिच्यातली चांदी काढून घेण्यासाठी ती वितळविणारेही होते. रुपेरी पडदा हा शब्द असा शब्दशः खरा ठरला. जानेवारी २००३ मध्ये पुण्यात प्रभातच्या जुन्या आवारातील नायट्रेट फितींच्या कोठाराला आग लागली आणि प्रभातच्या चित्रपटांच्या मूळ फितीही तीत गेल्या. अनेकांच्या प्रती सुरक्षित फितीवर आधीच उतरविलेल्या होत्या, म्हणून ते चित्रपट आज पाहता तरी येतात.

पाहता येतात, पण पाहिले जातात काय? जुन्या चित्रपटांविषयी आपल्याकडे आदर उदंड आहे, रसग्रहण मात्र नाही. 'संत तुकाराम'चे नाव निघाले की मुंबईच्या एकाच चित्रगृहात तो ५७ आठवडे चालला आणि १९३७ साली व्हेनिसच्या महोत्सवात तो गौरविला गेला, एवढे सांगून लोक हात जोडतात आणि पुढे चालू लागतात. दामले-फत्तेलालांनी १९३६ साली काढलेला हा चित्रपट एकदा निगुतीने पाहावा. विष्णुपंत पागनीसांचा तुकाराम गोड आहेच. परंतु चित्रपटाला जमिनीवर ठेवते ती गौरीची जिजाई. तिच्या तोंडी कोठेही नाटकी मराठी नाही. म्हशीची, पोरांची, रिकाम्या मडक्याची काळजी वाहणारी, रोखठोक, फटकळ आणि आतून मायेने भरलेली ती बाई लेकराच्या दुखण्याने चवताळून हातात वहाण घेऊन विठोबाला जाब विचारावयास देवळात जाते, तेव्हा भक्ती आणि संसार यांचा जो झगडा शेकडो प्रवचनांत सांगितला गेला तो एका क्षणात डोळ्यांसमोर उभा राहतो. वैकुंठाचे विमान निघते आणि ती मात्र संसारापाशी उरते. दिग्दर्शकांनी येथे कोणाचीही बाजू घेतलेली नाही, आणि यातच त्यांचे थोरपण आहे.

या चित्रपटाचे संगीतकार केशवराव भोळे हे जन्माने अमरावतीचे, हे वऱ्हाडातील किती विद्यार्थ्यांना ठाऊक असेल? त्यातच शांताराम आठवले यांनी या चित्रपटासाठी रचलेला एक अभंग इतका एकजीव झाला की तो तुकोबांच्याच गाथेतला असावा, असे भल्याभल्यांना वाटले. प्रक्षेप कसा घडतो, लोकस्मृती त्याला कसा स्वीकारते, हे शिकवावयास वर्गात याहून चांगले उदाहरण मिळणे कठीण.

'कुंकू'ची (१९३७) गोष्ट निराळी. येथेही मूळ कादंबरी नारायण हरि आपटे यांचीच, 'न पटणारी गोष्ट'. फसवून म्हाताऱ्या वकिलाच्या गळ्यात बांधलेली नीरा त्याला नवरा मानावयास नकार देते. शांता आपटे यांनी हा नकार रडून नव्हे, तर ताठ मानेने उभा केला. आणि केशवराव दाते यांनी तो म्हातारा खलनायक होऊ दिला नाही. त्याची लाज, त्याचा हट्ट, त्याला हळूहळू कळून चुकणे, हे प्रेक्षकाला त्याच्याविषयी कणव वाटावी असे आहे. भंगलेल्या आरशात त्याला आपलीच अनेक प्रतिबिंबे भेडसावतात, ते दृश्य संवादाने साधले नसते. पार्श्वसंगीत मुळीच वापरावयाचे नाही, घरात आणि रस्त्यात जे आवाज खरोखर होतात तेवढेच ऐकवावयाचे, हा शांतारामबापूंचा निर्धार त्या काळी विक्षिप्तच वाटला असेल. आजच्या चित्रपटांतील वाद्यांचा अखंड कल्लोळ ऐकलेल्या कानांना ती शांतता प्रथम अस्वस्थ करते आणि मग तिचे मोल कळते.

जुने चित्रपट संथ असतात, ही तरुणांची तक्रार ऐकू येते. तीत काही तथ्य आहे. सारेच जुने सोने नव्हे, आणि प्रभातच्या काळातही टाकाऊ चित्रपट पुष्कळ निघाले. पण आज हे चित्रपट ज्या स्वरूपात हाती येतात, त्याकडेही पाहिले पाहिजे. मोबाइलच्या पडद्यावर अंधुक प्रत, मध्येच तुटलेली दृश्ये, खरखरणारा आवाज आणि बहुधा नुसतीच गाणी! पाने फाटलेली, शाई पुसलेली पोथी वाचून कोणी ग्रंथाचे मोल ठरवीत नाही.

वऱ्हाडच्या वाट्याला तर आणखी एक उणीव आली. चित्रपटव्यवसायाच्या नकाशात 'सी. पी. बेरार' हा प्रदेश, ते नाव धारण करणारा प्रांत इतिहासजमा झाल्यावरही, टिकून राहिला. तिकिटे येथे पुष्कळ विकली गेली, परंतु येथील बोली पडद्यावर क्वचितच आली, आणि आली तीही बहुधा हसविण्यापुरती. म्हणून १९७७ सालच्या 'देवकीनंदन गोपाला'चे महत्त्व. शेंडगावच्या गाडगेबाबांवरील या चित्रपटाचे दिग्दर्शक राजदत्त हे धामणगावचे. बाबांच्या सहवासात राहून पुढे त्यांचे चरित्र लिहिणारे गो. नी. दांडेकर परतवाड्यात जन्मलेले. डॉ. श्रीराम लागू यांनी बाबांचे कीर्तन कसे उभे केले, त्यात मूळ वऱ्हाडी ठसका किती आला आणि किती निसटला, हा भाषाभ्यासाचा अस्सल विषय आहे. बाबांच्या अखेरच्या दिवसांतील वांद्र्याचे कीर्तन ध्वनिमुद्रित आहे; तो आवाज आणि हा पडदा शेजारी शेजारी ठेवून ऐकण्याची सोय मात्र कोणत्या महाविद्यालयात आहे?

खेड्यात हे कसे जमावे, अशी शंका कोणी घेईल. कर्नाटकातील हेग्गोडू हे रिद्धपूरसारखेच लहान गाव. सत्तरच्या दशकाच्या अखेरीस के. व्ही. सुब्बण्णा यांच्या 'नीनासम्' या संस्थेने तेथे सत्यजित राय यांचे आणि जगातील नामवंत दिग्दर्शकांचे चित्रपट सुपारीच्या बागांत राबणाऱ्या गावकऱ्यांना दाखविले. डबे गेले ते पुण्याच्या संग्रहालयातून. रसग्रहण शिकवावयास फिल्म इन्स्टिट्यूटचे सतीश बहादूर गेले. विद्यापीठ तर तेथे नव्हतेच.

रिद्धपुरास ते आहे. संग्रहालय उभारण्याचा खर्च त्याने अंगावर घ्यावा असे कोणी म्हणणार नाही. ते काम पुण्यास चालू आहे. एक चांगले प्रक्षेपण यंत्र, एक अंधारी खोली, आणि हक्कधारकांकडून रीतसर मिळविलेल्या पूर्ण प्रती, एवढ्यावर आरंभ होऊ शकतो. पुढचे काम विद्यार्थ्यांचे: एकेका जुन्या चित्रपटाचे संवाद ऐकून लिहून काढणे, निरनिराळ्या प्रतींतील तफावत नोंदविणे, बोलीतील शब्दांची सूची करणे. ज्यांनी हे चित्रपट यात्रेतल्या तंबूत किंवा तालुक्याच्या टॉकीजमध्ये पाहिले, ती माणसे आज वार्धक्यात आहेत. त्यांच्याकडे जाऊन काय आठवते ते विचारून लिहून घेण्याचे काम मात्र पुढच्या वर्षावर टाकता येणार नाही.