टक्कल पडलं गावाला, तपासणीचा खर्च कुणाचा?

केसांपाठोपाठ नखंही गळू लागली, म्हणून बुलडाणा जिल्ह्यातला शेगाव तालुका 2025 मध्ये पुन्हा बातम्यांत आला. बोंडगाव, कालवड, हिंगणा ही अचानक टक्कल पडलेल्या गावांची नावं एव्हाना वाचकांना पाठ झाली असतील. ‘टक्कल व्हायरस’ म्हणून जो गोंधळ उडाला, त्यात व्हायरस कुठेच नव्हता. आधी पाण्यावर संशय होता, मग सगळ्यांच्या नजरा गव्हाकडे वळल्या.

वळवणारा माणूस सरकारी नव्हता. डॉ. हिंमतराव बावस्कर मूळचे जालना जिल्ह्यातले, डॉक्टरकी केली कोकणात महाडला. विंचूदंशावर प्राझोसिन हे रक्तदाबाचं औषध वापरून त्यांनी शेकडो जीव वाचवले; 2022 साली पद्मश्री मिळाली. सत्तरी ओलांडलेला हा माणूस शेगावच्या गावांत आला, रक्त, लघवी, केस आणि रेशनच्या गव्हाचे नमुने घेतले, ठाण्याच्या प्रयोगशाळेत तपासून घेतले. पैसे स्वतःच्या खिशातले.

त्यांचे आकडे असे: सेलेनियम हे मूलद्रव्य नेहमीच्या प्रमाणापेक्षा रक्तात 35 पट, लघवीत 60 पट, केसांत 150 पट. न धुतलेल्या गव्हात किलोला 14.52 मिलिग्रॅम. मोठ्या माणसाला दिवसाला साधारण 55 मायक्रोग्रॅम सेलेनियम पुरतं, 400 च्या पुढे ते सोसत नाही. असा गहू रोज 200 ग्रॅम पोळ्यांतून पोटात गेला, तर होतात जवळपास 2,900. केस आणि नखं ज्या प्रथिनाची, त्यातल्या गंधकाची जागा सेलेनियम घेतं आणि केस मुळाशीच कच्चा होतो. गहू पंजाब-हरियाणाकडचा, हा बावस्करांचा निष्कर्ष. पंजाबातून त्यावर हरकतही आली. येऊ द्या. हरकतीला उत्तर देण्याइतके नमुने मात्र हवेत.

माझं दुखणं इथंच आहे. रक्तदान, नेत्रशिबिर, रुग्णवाहिका म्हटलं की बुलडाणा जिल्हा हात आखडत नाही. शेगावच्या गजानन महाराज संस्थानची रुग्णसेवा कुणाला सांगायला नको. पतसंस्थांचं जाळं इथलंच. पण ‘हा आजार का झाला ते शोधा’ म्हणून पावती फाडल्याचं कधी ऐकलंय? उपचाराला दाता मिळतो. शोधाला फोटो नसतो.

मराठी मुलुखाला शोधासाठी पैसा देणं अगदीच परकं नाही. मेहेरबाई टाटा 1931 मध्ये रक्ताच्या कर्करोगानं गेल्या. त्यांचे पती दोराबजींनी पुढच्याच वर्षी मुंबईत लेडी टाटा मेमोरियल ट्रस्ट काढला. त्या आजाराच्या संशोधनाला तो आजही पैसा देतो. तिथं एका घराची दौलत होती, हे खरं. अमेरिकेत क्लीव्हलंडच्या एका बँकवाल्यानं 1914 मध्ये वेगळी सोय केली: गावातल्या अनेकांनी ठेवलेला पैसा एकत्र आणि त्याचा विनियोग गावातलीच समिती ठरवणार. पतसंस्था चालवणाऱ्या जिल्ह्याला हे समजावून सांगावं लागू नये.

आणि अशा निधीचं काम केसांपुरतं नाही. खारपाणपट्ट्यात, संग्रामपूर-जळगाव जामोदकडे, मूत्रपिंडाच्या रोगानं माणसं वर्षानुवर्षं जाताहेत. तिथं टक्कल दिसत नाही, म्हणून कॅमेरेही जात नाहीत.

निधी उभा राहील तेव्हा राहील. तोवर एवढं करा: रेशनचा गहू आला की मूठभर कोरड्या बाटलीत भरा, वर तारीख आणि दुकानाचं नाव लिहा, वर्षभर जपून ठेवा. पथक येतं तोवर गहू खाऊन संपलेला असतो.