दगडावरचे नाव आणि दप्तरातले नाव

आपल्या पूर्वजांच्या वाट्याला दगड फारसे आलेच नाहीत. गावाच्या खालच्या अंगाला, ओढ्याकाठी वेगळी राखलेली जागा, तीत पुरलेले प्रेत आणि कोल्ह्याकुत्र्यांनी उकरू नये म्हणून वर रचलेले चार धोंडे, एवढीच महारवाड्याची समाधी. दोन पावसाळ्यांत तेही धोंडे हलायचे. म्हणून नाव कोरलेला एखादा दगड हाती लागला की आपला माणूस तो छातीशी धरतो आणि त्यावरचे अक्षर न् अक्षर खरे मानतो. हे समजण्यासारखे आहे. पण स्वतःच्या घराण्याचा इतिहास शोधू पाहणाऱ्या तरुणाने इथेच सावध व्हायला हवे, असे मला गेली काही वर्षे ह्या कामात घालवल्यावर वाटते.

सगळ्यांच्या ओळखीचा दगड घेऊ. कोरेगाव भीमा येथील लढाई १ जानेवारी १८१८ रोजी, म्हणजे शके १७३९ मध्ये झाली. जयस्तंभाची पायाभरणी २६ मार्च १८२१ रोजी झाली. म्हणजे माणसे मेली तेव्हा आणि त्यांची नावे दगडावर चढली तेव्हा, यांत तीन वर्षांहून अधिक अंतर आहे. कोरणाऱ्याने ती नावे रणांगणावर ऐकलेली नव्हती. कुठल्या तरी कागदावरून घेतली होती. तो कागद पलटणीच्या कारकुनाचा, आणि कारकुनाने नाव लिहिले ते इंग्रजी कानाला जसे ऐकू आले तसे. ठार झालेल्या एकोणपन्नास नावांपैकी बावीस नावांच्या शेवटी 'नाक' आहे आणि त्यावरूनच ती महारांची म्हणून आपण ओळखतो. हा 'नाक' शब्द नायकापासून आला की नागापासून, ह्या वादात मी इथे शिरत नाही. संशोधकाला त्याचा उपयोग एवढाच, की ज्या खुणेने व्यवस्थेने आपल्याला वेगळे पाडले तीच खूण आज आपली माणसे दगडावरून निवडून देते.

पण ती नावे इंग्रजी लिपीतून पुन्हा देवनागरीत आणताना आपण काय केले ते पाहा. वेगवेगळ्या स्मरणिकांतल्या याद्या शेजारी शेजारी ठेवल्या तर एकच माणूस एकीत येसनाक, दुसरीत इसनाक, तिसरीत एसनाक झालेला दिसतो. 'रायनाक येसनाक नाईक' ह्यात शेवटचा शब्द हुद्दा आहे, आडनाव नव्हे. नाईक म्हणजे शिपायाच्या वरचा. तरीही तो आडनाव समजून नाते जोडणारी मंडळी मला भेटली आहेत.

एक जानेवारीला स्तंभापाशी गेलात तर 'ह्यांतला अमुक आमचा खापरपणजोबा' असे सांगणारा कुणी तरी भेटतोच. त्याला खोटे ठरवण्याचा मला आनंद नाही. पण हिशेब करू. १८१८ साली पंचवीस वर्षांचा असलेला शिपाई १७९३ च्या सुमारास जन्मलेला. पिढी अठ्ठावीस-तीस वर्षांची धरली तर आजच्या तरुणापर्यंत सात-आठ पिढ्या होतात. घरातली आठवण चार, फार तर पाच पिढ्या मागे जाते. मधल्या तीन पिढ्या कागदाने भरून काढाव्या लागतात. त्या भरल्या नाहीत तर उरते ते नुसते नामसाम्य, आणि नातवाला आज्याचे नाव ठेवण्याची आपली चाल असल्यामुळे रायनाक नि येसनाक तर प्रत्येक गावी होते.

कागद कोणते? लष्कराचे हजेरीपट आणि पेन्शनचे कागद पहिले. दगड कोरला जातो तो गौरवासाठी. हजेरीपट लिहिला जातो तो पगारासाठी. जिथे पैसे द्यायचे-घ्यायचे असतात तिथे सरकार माणूस चुकू देत नाही. माझा अनुभव असा, की ज्या कागदावर पैसा अवलंबून आहे तो कागद स्तुतीच्या कागदापेक्षा विश्वासू असतो.

दुसरे दप्तर गावाचे. इथे अडचण अशी, की पलटणीत जो 'रामनाक येसनाक' तोच गावच्या कुलकर्ण्याच्या लेखणीत 'रामा बिन येसा महार' किंवा 'रामा वलद येसा'. पलटणीतला 'नाक' गावच्या वहीत गळतो आणि 'महार' चिकटतो. आडनाव कुठेच नाही. ते पुढे शाळेच्या दाखल्याबरोबर येते आणि पुष्कळदा गावावरून येते. खुद्द बाबासाहेबांचे उदाहरण आहे. घराणे सकपाळांचे, गाव आंबडवे, आणि साताऱ्याच्या शाळेच्या रजिस्टरात ७ नोव्हेंबर १९०० रोजी नोंद झाली ती 'भिवा रामजी आंबेडकर' अशी. ज्याला हे तीन धागे माहीत नाहीत तो सकपाळ शोधत बसेल आणि आंबेडकर शेजारून निघून जाईल.

वतनाचे कागद मात्र आपल्या शत्रूने आपल्यासाठी जपून ठेवलेला ठेवा आहे. १८७४ च्या वतन कायद्याखालची रजिस्टरे, तक्षिमांचे वाद, हाडकी-हाडोळ्याच्या जमिनीचे फेरफार ह्यांत महारांचे कुर्सीनामे सापडतात. कुणाचा मुलगा कोण, कुणाची पाळी कधी. वेठ कुणाकडून घ्यायची हे कळावे म्हणून ही वंशावळ लिहिली गेली. १९५८ च्या कायद्याने हे वतन गेले, ते बरेच झाले. कागद मात्र जाऊ देता कामा नयेत.

आणि गाव नमुना नंबर १४, ज्याला लोक कोतवाल बुक म्हणतात. मरणाची वर्दी पाटलाकडे न्यायची ती महाराने, नोंद करायची ती दुसऱ्याने. त्यामुळे नोंदीची तारीख ही पुष्कळदा वर्दीची तारीख असते, मरणाची नव्हे. जुन्या नोंदी मोडीत आहेत. मोडी वाचणारा गाठावा; अंदाजाने वाचू नये.

आता खऱ्याखुऱ्या थडग्यांकडे वळू. नगर जिल्ह्यात अमेरिकन मराठी मिशनचे काम १८३१ पासून सुरू झाले आणि आपल्यांतली पुष्कळ महार-मांग कुटुंबे ख्रिस्ती झाली. त्यांच्या दफनभूमीत मराठी अक्षरांचे दगड आहेत. अशाच एका गावी मी एक दगड पाहिला. त्यावर म्हाताऱ्याचे वय नव्वद कोरले होते. मंडळीच्या पुस्तकात बाप्तिस्म्याच्या वेळी त्याचे जे वय लिहिले होते त्यावरून मरणसमयी तो एकाहत्तरचा निघाला. लबाडी कुणाचीच नव्हती. मुलगा मास्तर झाला, हातात पगार आला, तेव्हा कुठे त्याने बापाचा दगड बसवला. तोवर बाप आठवणीत म्हातारा होत गेला होता. बाप्तिस्म्याच्या नोंदीत जात आणि मूळ गावही होते. ते दगडावर नव्हते, आणि मुलाला ते तिथे नकोच असणार.

दगड नंतरचा आहे हे भाषाही सांगते. १९४८ साली वारलेल्या माणसाच्या दगडावर 'कालकथित' हा शब्द दिसला तर तो दगड १४ ऑक्टोबर १९५६ नंतर बसवला आहे हे उघड आहे. बुद्धाब्द असेल तर ५४४ वजा करावे. शके असेल तर ७८ मिळवावे, जानेवारीपासून चैत्रापर्यंतच्या तारखेला ७९. फसली साल असेल तर ५९० किंवा ५९१.

काही ठिकाणी तर दगडावर नावच नाही. पहिल्या महायुद्धात इराकमध्ये मेलेल्यांसाठी बसऱ्याला स्मारक उभारले गेले. त्यावर गोऱ्या शिपायाचे नाव कोरले, हिंदी अधिकाऱ्याचेही कोरले. साध्या हिंदी शिपायांची मात्र पलटणीखाली नुसती संख्या लिहिली. राष्ट्रकुलाच्या युद्धस्मशान आयोगाने २०२१ साली आपल्याच अहवालात कबूल केले, की त्या युद्धात मेलेल्या निदान ४५,००० माणसांचे, मुख्यतः आफ्रिका आणि हिंदुस्थानातल्यांचे, स्मरण गोऱ्यांच्या बरोबरीने केले गेले नाही. अशा वेळी दगडापाशी उभे राहून काही मिळत नाही. आयोगाच्या नोंदवहीतच बापाचे नाव नि गाव मिळण्याचा संभव असतो.

हा खटाटोप कशासाठी, असे विचारणारे भेटतात. जातपडताळणीच्या समितीपुढे उभे राहिलेल्या मुलाला विचारा. अनुसूचित जातीच्या अर्जदाराला १० ऑगस्ट १९५० पूर्वीचा पुरावा दाखवावा लागतो. घरच्या समाधीवर 'बौद्ध' लिहिलेले असते, शाळेच्या दाखल्यावर आडनाव नवे असते, आणि आज्याची 'महार' म्हणून नोंद एकाच ठिकाणी असते, जिथे ती तुच्छतेने केलेली होती. तो अपमानाचा शब्द शोधण्यासाठी पोराला तहसिलीचे खेटे घालावे लागतात. नावांचे धागे आधीच जुळवून ठेवले असतील तर ते खेटे कमी होतात.

बायांची गोष्ट ह्याहून वाईट. स्तंभावर बाई नाही, कुर्सीनाम्यात बाई बहुधा नाही, मृत्यूच्या नोंदीत 'येसा महाराची बायको' एवढेच. तिचे स्वतःचे नाव सापडलेच तर पेन्शनच्या कागदावर वारस म्हणून, नाही तर मुंबईच्या गिरणीतल्या एखाद्या जुन्या कार्डावर. आज्यांच्या तोंडची नावे म्हणून आधी लिहून घ्यावीत, दगड थांबू शकतात.

तेही फार काळ नाही. आमच्या भागात जयंतीच्या आधी समाध्या रंगवतात. पेंटर खाचेत ऑइलपेंट भरतो आणि झिजलेले अक्षर त्याच्या मनाने पुरे करतो. म्हणून रंग लागण्यापूर्वी तिरप्या उन्हात फोटो काढावा, सकाळी आठच्या आत. एका दगडावरचा 'येसा' अशाच रंगकामात 'यशवंत' झाला. गेल्या लग्नसराईत त्या घरच्या पत्रिकेवर पणजोबांचे नाव यशवंतराव छापून आले आहे.