संत्र्याची जकात

जिवतीच्या बाजारात दोन तऱ्हेची संत्री दिसतात. एक हिरवट-पिवळे, सैल सालीचे नागपुरी. दुसरे घट्ट सालीचे, चकचकीत, कधी अंगावर स्टिकर असलेले. या दुसऱ्याला सरसकट ‘बाहेरचे’ म्हणतात. त्यात पंजाबचा किन्नो असतो, तसे समुद्रापलीकडचे फळही. गंमत म्हणजे किन्नोसुद्धा मूळचा कॅलिफोर्नियातला, एच. बी. फ्रॉस्ट यांनी १९१५ साली केलेला संकर. लिंबूवर्गात देशी-परदेशीची रेघ अशी पुसट आहे. ती ठळक होते जकातीने.

२९ डिसेंबर २०२२ पासून लागू झालेल्या भारत-ऑस्ट्रेलिया व्यापार करारात १३,७०० टन संत्रा-मँडरिनवरचे आयात शुल्क ३० टक्क्यांवरून १५ वर आले. याच काळात नागपुरी संत्र्याच्या सर्वांत मोठ्या परदेशी गिऱ्हाइकाने, बांगलादेशाने, आपले शुल्क वाढवत नेले: २०१९ मध्ये किलोला २० टका, २०२३ मध्ये ८८. वरुड-मोर्शीचा माल देशातच साचला, भाव पडले. पुढे राज्य सरकारला निर्यातीसाठी अनुदान जाहीर करावे लागले.

‘आयातीने आपल्याला बुडवले’ हे मात्र मला अर्धेच पटते. ऑस्ट्रेलियाचा हंगाम मुख्यतः आपल्या पावसाळ्यातला. आपला आंबिया दिवाळीच्या आसपास निघतो, मृग फेब्रुवारी-मार्चमध्ये. खरा फरक प्रवासाचा आहे. तिकडचे फळ कात्रीने देठाशी कापतात, आकाराने निवडतात, मेण चढवतात आणि थंड कंटेनरमध्ये आठवडेच्या आठवडे ठेवतात. ठरलेल्या तापमानात ठरलेले दिवस ठेवले की फळमाशीच्या अळ्याही मरतात. रोग-किडीविषयीचे सरकारी प्रमाणपत्र असल्याशिवाय ते बंदरातून सुटत नाही. आपले संत्रे ट्रकमध्ये ढिगाने भरले जाते. सैल साल सोलायला सोपी, पण दबायलाही तितकीच सोपी. शिवाय बिया. नागपुरात लिंबूवर्गीय फळांची राष्ट्रीय संशोधन संस्था १९८५ पासून आहे. बागेपासून बाजारापर्यंतचा रस्ता तिच्या एकटीच्या हातात नाही.

माणिकगडच्या पहाडावर कापूस, तूर, सोयाबीन पिकवणारी तरुण मुले मला विचारतात, “भाऊ, संत्रा लावावा का?” झाडाला फळ धरायला चार-पाच वर्षे लागतात. तोवर ढाक्यात काय शुल्क असेल, कोण सांगणार? ज्यांच्या जमिनीचा पट्टाच अडला आहे, त्यांना बागेसाठी कर्जही मिळत नाही. म्हणून मी आधी जमीन खणून बघायला सांगतो. पाणी साचत असेल तर डिंक्या ठरलेला, लावूच नये. निचरा असेल तर जंबेरीवरची खात्रीची कलमे थोडीच घ्यावीत, आणि पहिली वर्षे ओळींमध्ये सोयाबीन चालू ठेवावे.