डब्यातले आवाज जपायचे कसे?

 

आज मी कर्ज, व्याज आणि हप्त्यांबद्दल बोलणार नाही. आज बोलायचंय डब्याबद्दल. मेमरी कार्ड घालून वाजवायचा जो छोटा स्पीकर असतो, त्याला आमच्या गावात सगळ्या जणी डबाच म्हणतात. तुमच्याही गटात असा एखादा असेल. गोधड्या शिवताना, शेवया-कुरडया करताना आमचा डबा मधोमध ठेवलेला असतो. त्यात जुन्या श्रुतिका आहेत, गीतरामायण आहे, आपल्या रेडिओवर झालेली आरोग्याची आणि शेतीची माहिती आहे. हात चालू राहतात आणि कानही रिकामे राहत नाहीत.

पण आधी माझी चूक सांगते. ती ऐकलीत तर तुमच्या हातून होणार नाही.

आमच्या गटात एक आजी होत्या. शाळेचं तोंड कधी पाहिलं नव्हतं, पण जात्यावर बसल्या की तासभर ओवी थांबायची नाही. मी माझ्या फोनवर त्यांच्या ओव्या रेकॉर्ड केल्या, वेगवेगळ्या दिवशी, एकूण १४ वेळा. सगळ्या डब्याच्या कार्डात टाकल्या. फोनमध्ये जागा उरेना म्हणून फोनमधल्या पुसल्या. पुढं आजी गेल्या. काही महिन्यांनी डबा बोलेना. मी कार्ड काढून फोनमध्ये घातलं. पडद्यावर प्रश्न आला, ‘कार्ड वाचता येत नाही, फॉरमॅट करायचं का?’ मला वाटलं, दुरुस्त करू का असं विचारतंय. मी ‘हो’ दाबलं. कार्ड कोरं झालं. वर घाईघाईनं त्यावर नवीन गाणी भरून घेतली, म्हणजे बायकांना काम करताना काहीतरी ऐकायला मिळेल.

वर्षश्राद्धाच्या आधी आजींची लेक माझ्याकडे आली. म्हणाली, “ताई, आईच्या ओव्या तुमच्याकडं आहेत ना? माझ्या फोनात द्या.” मला तिच्याकडं वर बघवेना.

मी बीए झालेली, दहा-बारा गटांचे हिशोब तपासणारी बाई. पैशाची नोंद चुकली तर रात्री झोप लागत नाही. आणि आजींच्या आवाजाची एक ओळसुद्धा मी कुठं नोंदवली नव्हती. म्हणून त्यानंतर आवाज जपायचं काम मी नीट शिकून घेतलं. तेच आज सांगते.

रेडिओवर बोललेलं हवेत जातं आणि संपतं. पूर्वी बरेच कार्यक्रम थेट प्रसारित व्हायचे. टेप आल्या तरी त्या महाग असत, म्हणून जुनं पुसून त्यावरच नवं भरलं जाई. मुंबई आकाशवाणीवरचं ‘पुन्हा प्रपंच’ आपल्या आई-आज्यांना आठवत असेल. त्यातले टेकाडे भावजी, मीना वहिनी आणि पंत घरचेच वाटायचे. असे कार्यक्रम जेवढे कुणी जपून ठेवले, तेवढेच आपल्यापर्यंत पोचले.

दुसरं उदाहरण जात्यावरच्या ओव्यांचं. हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ यांनी कार्यकर्त्या बायकांना सोबत घेऊन महाराष्ट्रातल्या गावागावांतून एक लाखाहून जास्त ओव्या गोळा केल्या. ओवी कुणी सांगितली, कुठल्या गावची, हेही त्यांनी लिहून ठेवलं. म्हणून आज ‘पारी’ म्हणजे पीपल्स आर्काइव्ह ऑफ रूरल इंडिया या संकेतस्थळावर त्या ओव्या गाणाऱ्या बाईच्या नावानिशी वाचता येतात, कितीतरी तर ऐकताही येतात. म्हणजे आवाज तर जपायचाच, पण त्याच्यासोबत नावगावही जपायचं.

आता कामाला लागू. पहिली गोष्ट, डब्याला काय समजतं आणि काय नाही.

साधा डबा बहुतेक वेळा एमपीथ्री फाइलच वाजवतो. व्हॉट्सॲपवर आलेला आवाज किंवा फोनच्या रेकॉर्डरमधला आवाज बऱ्याचदा दुसऱ्या प्रकारचा असतो. तो कार्डात टाकला तरी डबा गप्पच राहतो. मग बायका म्हणतात डबा बिघडला. डबा बिघडलेला नसतो, फाइल बदलून घ्यायची असते. फोनमध्ये फाइल बदलायचं फुकट ॲप मिळतं, नाहीतर गावातल्या कॉलेजच्या पोरीला सांगा, पाच मिनिटांचं काम आहे. मूळ फाइल मात्र पुसू नका, तीही ठेवा.

कार्ड घेताना ३२ जीबीपर्यंतचं घ्या. त्यापेक्षा मोठी कार्डं वेगळ्या पद्धतीनं तयार केलेली असतात आणि बऱ्याच स्वस्त डब्यांना ती वाचता येत नाहीत. आणि एवढी जागा लागतही नाही. नुसतं बोलणं असेल तर ६४ केबीपीएस दर्जा पुरतो. त्या हिशोबानं एका तासाला साधारण २९ एमबी जागा लागते. गाणी असतील तर १२८ केबीपीएस घ्या, म्हणजे तासाला ५८ एमबी. आपल्या ८ जीबीच्या कार्डात बोलण्याचे अर्ध्या तासाचे ५०० कार्यक्रम मावतात. रोज एक ऐकला तरी सव्वा वर्षाहून जास्त काळ जाईल. नकली कार्डापासून सावध राहा. वर ३२ जीबी लिहिलेलं असतं, आत जागा थोडीच असते. भरून झालं की सगळ्यात शेवटी टाकलेली फाइल आणि मधल्या दोन-चार फाइली वाजवून बघा.

दुसरी गोष्ट क्रमाची. इथं सगळ्यांचा घोळ होतो.

गीतरामायणाचंच बघा. ग. दि. माडगूळकरांनी लिहिलं, सुधीर फडक्यांनी चाली लावल्या आणि पुणे आकाशवाणीवर १ एप्रिल १९५५ ला, रामनवमीच्या दिवशी ते सुरू झालं. आठवड्याला एक नवीन, अशी ५६ गाणी. आम्ही ती कार्डात टाकली आणि १ पासून ५६ पर्यंत आकडे दिले. डब्यानं पहिलं गाणं लावलं आणि त्यानंतर एकदम दहावं. मग अकरावं, असं करत एकोणिसावं, आणि मग कुठं दुसरं. आमच्या एक मावशी म्हणाल्या, “अगं, हे रामायण कुणी उसवलं?”

याचं कारण सोपं आहे. यंत्र आकड्याची किंमत बघत नाही, ते अक्षरं लावल्यासारखे आकडे लावतं. एकनं सुरू होणारे सगळे आधी, मग दोननं सुरू होणारे. म्हणून आकडा देताना पुढं शून्यं लावायची. ००१, ००२, ००३, असं करत ०५६. आपण पासबुकावर खातं क्रमांक लिहितो तसंच. आकडे आणि नाव इंग्रजी अक्षरांत द्या, मेसेज टाइप करतो तसं, कारण बऱ्याच छोट्या डब्यांच्या पडद्यावर मराठी अक्षरांच्या जागी चौकोन दिसतात.

एवढं करूनही काही डबे ऐकत नाहीत. ते नाव बघतच नाहीत. फाइल कार्डात ज्या क्रमानं टाकली त्याच क्रमानं वाजवतात. त्यावर उपाय एकच. कार्यक्रमाचा फोल्डर रिकामा करायचा आणि ००१ पासून एकेक फाइल क्रमानं टाकायची. मधली एक राहिली आणि ती मागाहून घातली, तर ती शेवटीच वाजणार. गोधडीचा एक ठिगळ मध्ये बसवायचा राहिला की सगळी शिवण उसवावी लागते, तसंच हे. मात्र फोल्डर रिकामा करायच्या आधी त्या फाइली दुसरीकडं आहेत याची खात्री करा.

सगळं एकाच ढिगात ठेवू नका. आमच्या कार्डात पाच फोल्डर आहेत. श्रुतिका, गाणी, आरोग्य, शेती आणि आपल्या बायका. डब्यावर फोल्डर बदलायचं बटण असेल तर बाळंतिणीच्या आहाराची माहिती शोधायला ४० गाणी पुढं ढकलावी लागत नाहीत.

तिसरी गोष्ट, थांबलेलं पुन्हा सापडणं. गाणं तीन-चार मिनिटांचं असतं, पुन्हा पहिल्यापासून लावलं तरी चालतं. श्रुतिका अर्ध्या तासाची असते. मध्येच वीज जाते, डब्याची बॅटरी उतरते, नाहीतर कुणाची म्हैस सुटते. बंद करून चालू केलं की काही डबे पार सुरुवातीला जातात. तुमचा डबा तसा असेल तर लांब कार्यक्रमाचे पंधरा-पंधरा मिनिटांचे तुकडे करून घ्या. नाहीतर वहीत लिहा, ‘०१२, १७ मिनिटं झाली.’ आमच्याकडं हे काम सातवीतली एक पोर करते. तिच्या वहीमुळं आता कुणी भांडत नाही.

चौथी गोष्ट म्हणजे वही. बैठकीची इतिवृत्त वही आपण ठेवतो ना, तशी डब्याची एक वही ठेवा. त्यात रकाने आखा. फाइलचा क्रमांक, काय आहे, कुणाचा आवाज, कुठल्या गावचा, कोणत्या तारखेला रेकॉर्ड केला, किती मिनिटं, कुणाकडून आला आणि कुठं कुठं ठेवला आहे. हा शेवटचा रकाना सगळ्यात महत्त्वाचा. तिथं एकच जागा लिहिलेली असेल तर समजा, तो आवाज अजून जपलेला नाही.

त्याच वहीत परवानगीही लिहा. आपल्या मावशीनं जात्यावर गाताना लेकीच्या सासरचं दुःख सांगितलं असेल, कुणाचं नाव घेतलं असेल. ते गटात ऐकवायला ती तयार असेल, पण गावाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर नको म्हणेल. तिला आधी विचारा आणि तिचं उत्तर लिहून ठेवा. दुसऱ्यांची गाणी आणि कार्यक्रम आपण आपल्यापुरते ऐकतो, त्यांची कार्डं भरून विकायची नाहीत. तो त्यांच्या कष्टाचा माल आहे. आपल्या शेवया कुणी आपल्याला न विचारता स्वतःच्या नावानं विकल्या तर चालेल का?

आता पाचवी गोष्ट. माझी चूक झाली ती इथंच.

डब्यातलं कार्ड ही ऐकायची प्रत. जपायची प्रत वेगळी. ती एका पेन ड्राइव्हवर ठेवा आणि तो पेन ड्राइव्ह गटाच्या पेटीत ठेवा, रोज वापरू नका. तिसरी प्रत गावाबाहेर असू द्या, कुणाच्या शहरातल्या लेकीकडं किंवा गटाच्या मेलच्या खात्यावर. पेटी भिजली, घर गळलं, कार्ड हरवलं, तरी एक प्रत उरते. पेन ड्राइव्ह नुसता वर्षानुवर्षं पडून राहिला तरी त्यातली नोंद पुसली जाऊ शकते. म्हणून वर्षातून एकदा, वार्षिक हिशोबाच्या वेळीच, तो काढून वाजवून बघा. बिघडलेला वाटला तर दुसऱ्या प्रतीवरून नवीन करून घ्या.

डबा चालू असताना कार्ड ओढून काढू नका. आधी बंद करा, मग काढा. कार्ड खराब व्हायचं ते एक मोठं कारण आहे.

आणि फोननं किंवा संगणकानं ‘फॉरमॅट करायचं का’ असं विचारलं, तर ‘नाही’ दाबा. फॉरमॅट म्हणजे दुरुस्ती नाही, फॉरमॅट म्हणजे पाटी पुसणं. चुकून पुसली गेलीच, तर त्या कार्डात एकही नवीन फाइल टाकू नका. कार्ड काढून कागदात गुंडाळून बाजूला ठेवा. पुसल्यानंतरही बऱ्याचदा जुना मजकूर आत तसाच असतो आणि जाणकार माणूस तो परत काढू शकतो. पण त्यावर नवीन भरलं की जुनं खरोखरच जातं. मी ‘हो’ दाबलं ती पहिली चूक. नवीन गाणी भरली ती दुसरी, आणि तीच जास्त महाग पडली.

आजींच्या लेकीचं काय झालं ते सांगते. मी गटात सगळ्यांसमोर चूक कबूल केली. तेव्हा एक जण म्हणाली, “थांबा, मी त्यातली एक ओवी माझ्या बहिणीला धाडली होती.” बहीण पुण्यात असते. तिच्या फोनमध्ये ती अजून होती. १४ मधली एक, चार मिनिटांची. वर्षश्राद्धाच्या दिवशी आम्ही ती डब्यावर लावली. लेक काही बोलली नाही. डब्याजवळ बसून राहिली. संपल्यावर म्हणाली, “परत लावा.”

आमच्या वहीत तो आवाज आता ००१ क्रमांकावर आहे. शेवटच्या रकान्यात तीन जागा लिहिलेल्या आहेत.

मैत्रिणींनो, येत्या बैठकीत एवढं करा. आपल्या गटात कुणाकुणाच्या आवाजाची रेकॉर्डिंग आहेत ते विचारा, वही घाला आणि प्रत्येकाची दुसरी प्रत त्याच दिवशी करून घ्या. आणि ज्या आजींचा आवाज अजून कुणीच घेतलेला नाही, त्यांच्याकडं याच आठवड्यात जा. त्यांना विचारा, त्यांचं नाव-गाव लिहून घ्या आणि फोन समोर ठेवा.

नमस्कार.