छतावरचे सोळा किलो

पुण्या-मुंबईत हल्ली कुणी नवी गाडी घेतली की नातेवाइकांचा पहिला प्रश्न असतो, "सनरूफ आहे का?" मायलेज, डिकी, सर्व्हिसिंग हे सगळं त्यानंतर. एके काळी फक्त महागड्या गाड्यांत दिसणारी ही काचेची झडप आता लहान गाड्यांतही आली आहे, आणि ती नसली तर शोरूममधून उठून जाणारी मंडळी मी स्वतः पाहिली आहेत. इथे मेलबर्नला आमच्या घरात मात्र गेल्या हिवाळ्यात उलटा कार्यक्रम चालला होता. एका चालत्या गाडीचं सनरूफ काढून त्या जागी ॲल्युमिनियमचा पत्रा बसवायचा होता.

गाडी आमच्या लेकीची. वीस वर्षांहून जुनी, दोन दारांची, जपानी. रोज ती कामावर घेऊन जाते आणि वर्षातून चार-पाच वेळा ट्रॅक डेला नेते. ज्यांना हा प्रकार ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो : ठरावीक दिवशी सँडाऊन, विंटन किंवा फिलिप आयलंडसारखा शर्यतीचा ट्रॅक पैसे भरून सर्वसामान्यांना वापरता येतो. शर्यत नसते, बक्षीस नसतं. हेल्मेट घालायचं, नियम पाळायचे आणि आपली गाडी मोकळेपणाने चालवायची. रस्त्यावर वेगाची खुमखुमी काढण्यापेक्षा हे कितीतरी बरं, असं माझं बाप म्हणून मत आहे.

तिची अडचण हेल्मेटपासून सुरू झाली. सनरूफची चौकट छताच्या आतल्या बाजूला बसते, त्यामुळे डोक्यावरची तीन-चार सेंटिमीटर जागा जाते. हेल्मेट घातल्यावर तिचं डोकं छताला टेकायचं. मग मान वाकवून बसणं आलं, आणि मान वाकवून तीन तास गाडी चालवणं धोक्याचं. सीट खाली घेऊन पाहिली, पण पुरेसं उतरेना. तेव्हा ती म्हणाली, "बाबा, सनरूफच काढू या. वजनही कमी होईल."

वजनाचा मुद्दा मला आधी हौसेचा वाटला. पण मी मेकॅनिकल इंजिनिअर, त्यामुळे कागद-पेन्सिल घेतल्याशिवाय राहवलं नाही.

सनरूफ म्हणजे नुसती काच नव्हे. पाच मिलिमीटर जाडीची कडक केलेली काच चौरस मीटरला साडेबारा किलो भरते. आमची काच ऐंशी बाय चाळीस सेंटिमीटर, म्हणजे चार किलो. पण तिच्याभोवती पोलादी चौकट, सरकायच्या पट्ट्या, मोटर, केबल, आतली सरकती सावली आणि पाणी वाहून नेणारं पन्हाळं असतं. हे सगळं काढून भारतात जाताना बॅगा मोजायचा आमचा जो काटा आहे त्याला लटकवलं, तर अठरा किलो भरलं. विमान कंपनी जेवढी बॅग नेऊ देते, जवळजवळ तेवढं वजन ती इतकी वर्षं डोक्यावर घेऊन फिरत होती. त्याऐवजी बसवायचा दीड मिलिमीटरचा ॲल्युमिनियमचा पत्रा, कडेचे पट्टे आणि चिकटवण्याचा मसाला धरून दोन किलोंच्या आसपास. निव्वळ बचत सोळा किलो.

गाडी साडेबाराशे किलोंची. सोळा किलो म्हणजे सव्वा टक्का. पेट्रोलच्या हिशोबात याला काही अर्थ नाही. गाडीचं वजन दहा टक्क्यांनी घटवलं तर इंधन साधारण सहा ते आठ टक्के वाचतं, असा ठोकताळा आहे. त्या हिशोबाने आमची वर्षाला दहा-अकरा लिटरची बचत. एवढ्यासाठी कुणी छताला हात लावू नये.

पण वजन किती, याच्या जोडीला ते कुठे आहे हेही पाहावं लागतं. सांगली-कोल्हापूरकडच्या मंडळींना हे शिकवायला नको. कारखान्याकडे निघालेली उसाची ट्रॉली वळणावर कलंडते, ती नुसत्या ओझ्याने नाही. मोळ्या उंच रचलेल्या असतात म्हणून. बैलगाडी भरताना ओझं मागे जास्त झालं की गाडी उलाळ होते आणि जू वर उचललं जातं, हेही आपल्या आजोबांना पक्कं ठाऊक होतं. मोटारीचं शास्त्र तेच.

आमच्या गाडीचा गुरुत्वमध्य जमिनीपासून ५२ सेंटिमीटरवर आहे असं धरलं आणि छत १३० सेंटिमीटरवर, तर छतावरचे सोळा किलो काढल्यावर गुरुत्वमध्य एक सेंटिमीटरने खाली येतो. तेच सोळा किलो स्टेपनी काढून कमी केले, तर स्टेपनी मुळात खाली, चाळीस सेंटिमीटरवर असल्यामुळे गुरुत्वमध्य उलट दीड मिलिमीटरने वर सरकतो! वजन सारखंच घटलं, परिणाम उलटा. एक सेंटिमीटर ऐकायला क्षुल्लक वाटतं, पण वळणावर बाहेरच्या चाकांवर जो भार ढकलला जातो तो त्यामुळे तीन टक्क्यांच्या पुढे कमी होतो आणि गाडी कमी झुकते.

मोठ्या कंपन्या हेच करतात. बीएमडब्ल्यूने २००३ साली एम थ्री सीएसएल नावाची गाडी काढली. तिचं छत कार्बन फायबरचं होतं आणि सगळी काटछाट धरून ती नेहमीच्या एम थ्रीपेक्षा सुमारे ११० किलोंनी हलकी होती. त्यात छताचा वाटा जेमतेम सहा-सात किलो, पण ते सगळ्यात उंचावरचे. पुढच्या पिढीच्या दोन दारांच्या एम थ्रीत कार्बनचं छत नेहमीचंच झालं आणि ज्याला सनरूफ हवं त्याला ते छत सोडावं लागे. ऑस्ट्रेलियाचं उदाहरण तर आणखी जवळचं. ईस्टर्न क्रीकच्या बारा तासांच्या शर्यतीसाठी माझदाने १९९५ मध्ये खास इथल्यासाठी आरएक्स सेव्हन एसपी ही गाडी काढली, अवघ्या ३५. कार्बन फायबरचं नाक, मागचा पंख, पेट्रोलची टाकी, हलक्या सीटा एवढं सगळं करून वजन १२५० वरून १२१८ किलोंवर आलं. म्हणजे बत्तीस किलोंसाठी अख्ख्या कंपनीचा खटाटोप! त्या वर्षीची शर्यत मात्र जॉन बो आणि डिक जॉन्सन यांनी याच गाडीने जिंकली.

आपल्यापैकी काही जण २००५ च्या मार्चमध्ये अल्बर्ट पार्कला नारायण कार्तिकेयनची पहिली फॉर्म्युला वन शर्यत पाहायला गेले असतील. जॉर्डनच्या पिवळ्या गाडीतून तो पंधरावा आला, आणि फॉर्म्युला वनमध्ये उतरलेला पहिला भारतीय म्हणून आपण टाळ्या वाजवल्या. त्या काळी चालकासकट गाडीचं वजन किमान ६०० किलो असावं लागे. संघ गाडी त्याहून हलकी बांधत आणि उरलेलं वजन जड धातूचे ठोकळे म्हणून अगदी तळाशी ठेवत. आधी हलकं करायचं, मग हवं तिथे जड करायचं.

आता काम कसं झालं ते. घाई केली असती तर ते धोक्याचं ठरलं असतं, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

पहिला प्रश्न कायद्याचा. भारतात मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आहे आणि मूळ कंपनीने नोंदवलेल्या रचनेत मनाप्रमाणे बदल करता येत नाहीत, हे २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही स्पष्ट केलं. ऑस्ट्रेलियात बदल करता येतात, पण त्यांची चौकट आखलेली आहे. व्हीएसबी १४ नावाची राष्ट्रीय नियमावली आहे, त्यात गाडीच्या सांगाड्यावर वेगळं प्रकरण आहे. व्हिक्टोरियात व्हास योजनेतले मान्यताप्राप्त इंजिनिअर बदल तपासून प्रमाणपत्र देतात, न्यू साउथ वेल्सची योजना वेगळी. आम्ही स्क्रू सैल करण्याआधी अशा एका इंजिनिअरला आराखडा दाखवला. त्याच्या तपासणीचा खर्च पत्र्याच्या कितीतरी पट होता. तो देताना लेकीचा चेहरा उतरला, पण तिने दिला. विमा कंपनीलाही लेखी कळवलं. न कळवता बदल केला आणि उद्या अपघात झाला, तर दावा फेटाळायला तेवढं कारण पुरतं.

दुसरा प्रश्न ताकदीचा. छताचा भार मुख्यतः दोन्ही बाजूंच्या जाड कडा आणि आडव्या पट्ट्या घेतात. सनरूफच्या गाडीत भोकाभोवती जास्तीची पोलादी चौकट वेल्ड केलेली असते. ती आम्ही तशीच ठेवली. कापाकापी काहीच नाही, फक्त बोल्टने बसवलेला सांगाडा उतरवला. ज्या गाड्यांत खिडक्यांवर पडद्यासारख्या उघडणाऱ्या एअरबॅग आहेत, त्यांच्या मालकांनी तर छताचं अस्तर स्वतः उतरवूच नये. त्या पिशव्या त्याच कडेत दडलेल्या असतात. लेकीची गाडी जुनी, तिच्यात त्या नाहीत.

तिसरा प्रश्न, पत्रा चिकटवायचा कसा? रिव्हेट मारावेत असं मला आधी वाटत होतं. पण गणित वेगळं निघालं. मेलबर्नच्या उन्हाळ्यात छत सहज सत्तर अंशांवर जातं आणि हिवाळ्याच्या पहाटे पाच-सातवर येतं. पोलादापेक्षा ॲल्युमिनियम जवळजवळ दुप्पट प्रसरण पावतं. ऐंशी सेंटिमीटर लांबीत हा फरक अर्ध्या मिलिमीटरहून जास्त होतो. घट्ट रिव्हेट केलेला पत्रा फुगला असता, खडखडला असता. म्हणून पुढची काच बसवायला जो पॉलियुरेथेनचा मसाला वापरतात तोच वापरला. त्याचा चार मिलिमीटर जाडीचा थर रबरासारखा ताणतो आणि तो अर्धा मिलिमीटर पोटात घेतो.

तो सुटला तर? दीडशे किलोमीटर वेगाला छतावरून जाणारी हवा पत्र्याला वर ओढते. आमच्या पत्र्यावर ही ओढ सुमारे तीस किलोंची येते. मसाला नीट बसला असेल तर तो याच्या शेकडो पट सहन करतो. पण तेलाचा एक ओशट हात लागला किंवा प्रायमर सुकू दिला नाही, तर तो ताकद धरत नाही. मागून येणाऱ्याच्या काचेवर उडालेला पत्रा, ही कल्पना मला रात्री झोपू देईना. म्हणून ते काम घरच्या गॅरेजात केलंच नाही. गाडीच्या काचा बसवणाऱ्या कारागिराकडून करून घेतलं. त्याने पृष्ठभाग पुसून घेण्यात जेवढा वेळ घातला, तेवढा चिकटवण्यात घातला नाही. मग पूर्ण सुकेपर्यंत गाडी दोन दिवस हलवली नाही.

कार्बन फायबर का नाही, असं मुलगी वारंवार विचारत होती. आणखी अर्धा-पाऊण किलो वाचला असता. पण कार्बन थेट धातूला टेकला आणि ओल धरली की धातू गंजतो, मध्ये काचतंतूचा थर द्यावा लागतो. शिवाय इथल्या उन्हात वरचा लेप उत्तम नसेल तर तो पिवळा पडतो. पाऊण किलोसाठी एवढा सोस नको, यावर अखेर दोघांचं एकमत झालं.

एक फायदा कुणी मोजला नव्हता. सनरूफच्या चार कोपऱ्यांतून पाणी खाली नेणाऱ्या नळ्या असतात. आमच्या दारातल्या निलगिरीची पानं त्यात अडकून दर पावसात पुढची सतरंजी भिजायची. ते बंद झालं.

तेव्हा सहा महिन्यांसाठी आमच्याकडे आलेली आई हे सगळं बघत होती. तिला ते पटलं नाही. "अगं, वरून चांदणं दिसायचं ते घालवलंस, आणि वर पैसे दिलेस?" असं ती नातीला म्हणाली. नात म्हणाली, "आजी, चांदण्यात गाडी लावून बाहेर उभं राहू की." आईने एक दिवस ट्रॅकवर यायचं कबूल केलं आणि आलीही. डोक्यावर शाल घेऊन, डबा मांडीवर ठेवून, प्रत्येक फेरी मोजत बसली. लेकीची वेळ किती सुधारली ते मी इथे लिहीत नाही, कारण त्या दिवशी टायरही नवे होते आणि श्रेय कुणाचं हे सांगता येणार नाही. मान मात्र सरळ होती.

देशातल्या नातेवाइकांना यातून एकच सांगायचं आहे. तुमचं सनरूफ खुशाल ठेवा. चांदणं बघा, पाऊस बघा. पण चालत्या गाडीत लेकरांना त्यातून उभं करू नका. ताशी साठच्या वेगाने जाणारी गाडी कशावर तरी आपटून थांबली, तर बाहेर डोकावणाऱ्या पोराला बसणारा दणका चौदा मीटर उंचीवरून पडल्यासारखा असतो, म्हणजे चौथ्या-पाचव्या मजल्यावरून. त्या गच्चीच्या कठड्यावर आपण त्याला उभं करू का? मग गाडीतही खाली बसवा आणि पट्टा लावा.

आमचं जुनं सनरूफ गॅरेजात कापडात गुंडाळून ठेवलं आहे. प्रत्येक बोल्ट वेगळ्या पुडीत, पुडीवर नाव. मंडळात कुणाच्या त्याच मॉडेलच्या गाडीची काच फुटली असेल, तर सांगा.