क्षयजंतूच्या प्रथिनांचा जोडीशोध : पंचवीस वर्षांचा मागोवा

क्षयरोगाच्या जिवाणूचा संपूर्ण जनुकक्रम १९९८ साली प्रसिद्ध झाला, तेव्हा सुमारे चार हजार प्रथिनांची यादी संशोधकांच्या हाती आली. परंतु कोणते प्रथिन कोणाला जोडले जाऊन काम करते, हे त्या यादीवरून कळत नव्हते. संभाव्य जोड्यांची संख्या ऐंशी लाखांच्या घरात जात असल्याने आणि हा जिवाणू अत्यंत सावकाश वाढत असल्याने प्रत्येक जोडी प्रयोगशाळेत तपासणे अशक्यच होते, म्हणून संगणकाचा आधार घेणे ओघाने आले.

एकत्र काम करणाऱ्या प्रथिनांची जनुके अनेक जिवाणूंत शेजारीशेजारी टिकून राहतात, हा पहिल्या पद्धतींपैकी एकीचा पाया होता. क्षयजंतूतील ईसॅट-६ आणि सीएफपी-१० या प्रथिनांची जनुके लगतची आहेत, आणि ती दोन्ही प्रथिने एकास एक अशी घट्ट जुळतात, हे २००२ मध्ये प्रयोगाने दिसले. बीसीजी लशीच्या जिवाणूतून गळालेल्या जनुकखंडात नेमकी हीच जोडी येते. मात्र शेजारी जनुकांची प्रथिने एकमेकांना स्पर्श करतातच असे नाही, आणि ही उणीव दशकभर तशीच राहिली.

खरे वळण २००९ मध्ये आले, असे म्हणणे योग्य ठरेल, जरी श्रेय बहुधा नंतरच्या कृत्रिम बुद्धिमत्तेला दिले जाते. दोन प्रथिने जेथे टेकतात तेथे एकातील अमिनो आम्ल बदलले, तर उत्क्रांतीच्या ओघात दुसऱ्यातीलही बदलते, आणि या मेळावरून जोडी ओळखता येते. पण ‘क’ हे स्थान ‘ख’शी आणि ‘ख’ ‘ग’शी जुळत असले, की ‘क’ आणि ‘ग’ यांच्यातही खोटा मेळ दिसतो. मार्टिन वाइग्ट व सहकाऱ्यांनी जिवाणूंच्या संदेशवाहक प्रथिनांवर काम करताना प्रत्यक्ष मेळ अप्रत्यक्ष मेळापासून संख्याशास्त्राने वेगळा काढला. याच विचाराच्या आधारे डेव्हिड बेकर यांच्या गटाने २०१९ मध्ये ई. कोलाय आणि क्षयजंतू यांची समग्र प्रथिने पडताळली, आणि २०२१ नंतर अल्फाफोल्डसारख्या कृत्रिम बुद्धिमत्तेच्या प्रणालींमुळे जोडीबरोबर तिची त्रिमितीय रचनाही वर्तवता येऊ लागली.

पुढे १९ रोगकारक जिवाणूंच्या अभ्यासात जगण्यास अत्यावश्यक जनुकांशी निगडित १,९२३ जोड्या विश्वासार्ह ठरल्या, तर रोगकारकतेशी निगडित केवळ २५६. या तफावतीचे एक कारण असे, की रोगकारक प्रथिने बहुधा मोजक्याच जातींत असतात आणि झपाट्याने बदलतात, त्यामुळे तुलनेसाठी पुरेसे क्रम मिळत नाहीत. शिवाय त्यांतील अनेकांचा जोडीदार मानवी पेशीत असतो, जिवाणूच्या जनुकक्रमात नव्हे. आणि ही पद्धत तर दोन्ही भागीदारांचे क्रम एकाच सजीवात शोधते.